आपल्या गावाची गोष्ट: आपल्या तोंडून, आपल्या अटीवर



मे महिना संपत आला की आपल्या अकोले तालुक्यातल्या रस्त्यांवरची वर्दळ वाढते. शनिवारी दुपारपासून मुंबई-नाशिकच्या गाड्या घोटीवरून बारीमार्गे येतात. पुण्याच्या गाड्या आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याकडे येतात. आधी काजवे बघायला, मग पावसात धबधबे बघायला, मग सप्टेंबरात फुलं बघायला. गाडीत बऱ्याचदा अख्खं कुटुंब असतं. आई-वडील, दोन मुलं आणि मागच्या सीटवर आजी. ही माणसं आपल्या दारावरून जातात, पाण्याची बाटली घेतात, टपरीवर मॅगी खातात, फोटो काढतात आणि रविवारी रात्री परत निघतात.

गटांच्या बैठकीत मी विचारते, "या गाड्यांमधून आपल्याला काय मिळतं?" बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "धुरळा आणि प्लास्टिक." सगळ्या हसतात, पण बोलणं खरंच असतं.

म्हणून या अंकात एका वेगळ्या कामाबद्दल लिहिते आहे. ते म्हणजे गावाची गोष्ट सांगण्याचं काम. पापड, शेवया, शिवणकाम, शेळ्या हे आपण काम म्हणून धरतो. गोष्ट सांगणं मात्र आपण काम धरत नाही, कारण ती आपण आयुष्यभर फुकट सांगत आलो. पण गाडीतलं कुटुंब कुठे थांबणार, कुणाकडे जेवणार, कुणाला पैसे देणार, हे आता बरंचसं कुणाची गोष्ट त्यांच्या कानावर पडली यावर ठरतं.

कुटुंब गाडी का थांबवतं?

शहरातलं कुटुंब घरातून निघण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ बघतं. कुणीतरी त्यात सांगतं, "इथे जा, हे बघा, हे खा." असं सांगणाऱ्यांना आजकाल कंटेंट क्रिएटर म्हणतात. आपल्या भाषेत तो गोष्ट सांगणाराच. अडचण ही आहे की आपल्या भागाची गोष्ट बहुतेक वेळा बाहेरचा माणूस सांगतो. तो एक दिवस येतो, धरण आणि धबधबा दाखवतो, "लपलेली जागा" म्हणतो आणि जातो. कुठला खडक निसरडा आहे, कुठल्या ओढ्याला अचानक पाणी येतं, हे त्याला माहीत नसतं. शेतातून जाणारी पायवाट कुणाच्या वावरातून जाते, हेही माहीत नसतं. मग सगळी गर्दी त्याच दोन-तीन जागांवर होते आणि पैसा मोठ्या हॉटेलांकडे जातो.

जिथे गावातली माणसं स्वतः बोलायला लागली, तिथे काय झालं ते बघा.

आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं जपलं आणि त्याबद्दल बोलल्या. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बीज बँक बघायला लांबून माणसं येतात. डब्यातलं बी नुसतं बघितलं तर ते फक्त बी असतं. ते कुठून आलं, कुठल्या जमिनीत येतं, त्याची भाजी कशी लागते, हे राहीबाई सांगतात तेव्हा माणूस तिथे तासभर थांबतो.

पुरुषवाडीही आपल्याच तालुक्यात आहे. तिथे गेली बरीच वर्षं गावातल्या घरांमध्ये पाहुण्यांचं जेवण होतं आणि गावातलीच मुलं वाटाडे म्हणून फिरवतात. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये भिलार नावाचं गाव आहे. 2017 मध्ये ते "पुस्तकांचं गाव" झालं. घरांमध्ये, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवली आहेत आणि कुणीही येऊन वाचू शकतं. आधी स्ट्रॉबेरी घेऊन पुढे जाणारी माणसं आता घरात येऊन बसतात. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर कलाकार चित्रं दाखवून कथा सांगतात, त्याला चित्रकथी म्हणतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गोव्याकडे जाणारी कुटुंबं वाट वाकडी करून तिथे जातात.

या चारही ठिकाणी डोंगर-दऱ्यांपेक्षा माणसाचं बोलणं महत्त्वाचं ठरलं.

"आम्हाला कुठं बोलता येतं?"

हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. तायांनो, जात्यावर बसून ओव्या कुणी रचल्या? आपल्याच आया-आज्यांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सांगणाऱ्या सगळ्या बायका होत्या, आणि बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गोष्ट सांगणं आपल्या हाडात आहे. आता फक्त ऐकणारा नवा आहे.

ऐकणारा नवा असल्यामुळे तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्याला आपले शब्द माहीत नसतात. राब, आवणी, खुरासणी, नागली म्हटलं की हातात घेऊन दाखवा. दोन, सोबत लहान मुलं असतात. दहा मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसवू नका, चालता चालता सांगा. तीन, खरं तेवढंच सांगा. जे लोक म्हणतात ते "लोक असं सांगतात" म्हणून सांगा. जे पक्कं ठाऊक आहे ते ठामपणे सांगा. "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" असं प्रत्येक देवळाबद्दल सांगितलं तर शाळेतली मुलंसुद्धा हसतात.

दोन गोष्टी, नमुन्यादाखल

पहिली कळसूबाईची. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. एवढं तर गाडीतल्या मुलाला पुस्तकातून माहीत असतं. त्याच्या पुढचं त्याला माहीत नसतं. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात, ती अशी. काळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली. बाकी सगळं काम करीन, पण केर काढायला आणि भांडी घासायला सांगायचं नाही. पाटलाने कबूल केलं. एक दिवस घरी खूप पाहुणे आले आणि पाटलाने अट मोडून तिला तेच काम सांगितलं. तिने ते काम केलं आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. जिथे भांडी घासली तो थाळेमेळ, जिथे केर टाकला तो काळदरा आणि जिथे ती राहिली ते कळसूबाईचं शिखर.

गावागावात ही गोष्ट थोडी वेगळी सांगतात. तुमच्या गावची जशी असेल तशीच सांगा. सांगताना बोट करून जागा दाखवा. आणि मुलांना विचारा, "तिने कुठली अट घातली होती?" मुलं लगेच उत्तर देतात, आणि गाडीतली आजी स्वतःच्या गावची गोष्ट सांगायला लागते.

दुसरी गोष्ट काजव्यांची. ही तर डोळ्यांसमोरची. वळवाचा पाऊस पडून गेला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकू लागतात. पाहुणे म्हणतात, "किती सुंदर लाइटिंग!" तेव्हा सांगायचं की हे काजव्यांचं लग्न जुळवणं चाललंय. बहुतेक जातींत नर उडता उडता चमकतो आणि मादी खाली झुडपात किंवा गवतात बसून उत्तर देते. मोठा काजवा थोडेच दिवस जगतो. तेवढ्या दिवसांत जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी काजवे कमी. गाडीचा हेडलाइट, मोबाईलचा फ्लॅश पडला की त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. वाट सोडून गवतात पाय टाकला तर खाली बसलेल्या माद्या चिरडतात. त्यांची पिल्लं ओलसर जमिनीत राहतात आणि गोगलगायी खातात, म्हणजे ती शेतकऱ्याच्याही कामाची.

एवढं सांगितल्यावर "लाइट बंद करा" असं ओरडावं लागत नाही. मुलंच बाबांना सांगतात, "बाबा, हेडलाइट बंद करा." पाटीने होत नाही ते काम असं गोष्टीने होतं.

पैशाचा हिशोब

समजा, पाच जणांचं एक कुटुंब दुपारी आपल्या गटाकडे थांबलं. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचा दर तुम्ही ठरवा.

आलेले पैसे:
- जेवण, 5 ताटं, प्रत्येकी 200 रुपये: 1000
- गावात तासभर फिरून गोष्ट सांगणं, एका कुटुंबाला: 300
- नागलीचे पापड, तांदूळ, खुरासणीची चटणी अशी विक्री: 400
- एकूण: 1700 रुपये

गेलेले पैसे:
- धान्य, भाजी, तेल, गॅस: 450
- स्वयंपाक करणाऱ्या दोघींची मजुरी, प्रत्येकी 150: 300
- गोष्ट सांगणारीचं मानधन: 250
- विकलेल्या वस्तूंचा खर्च, मजुरी धरून: 300
- एकूण: 1300 रुपये

गटाकडे राहिले 400 रुपये.

आता यातून मजुरी आणि मानधन काढून टाका. मग 550 रुपये जास्त उरल्यासारखे दिसतात, आणि आपण खूश होतो. पण ते पैसे कुणाच्या तरी पाठीचे आहेत. जेवण रांधणं, भांडी, झाडलोट हे "घरचंच काम" म्हणून हिशोबातून गळतं. म्हणून मजुरी पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. आणि गोष्ट सांगणाऱ्या मावशींचं मानधनही लिहा. पापड लाटणारीला पैसे आणि तासभर उन्हात फिरून बोलणारीला फक्त चहा, असं करू नका.

पैसे गटाच्या खात्यातच घ्या. क्यूआर कोड गटाच्या नावाचा लावा. घरातल्या कुणाच्या नंबरवर पैसे गेले की महिन्याच्या बैठकीत हिशोब लागत नाही, हा अनुभव आपल्याला इतर धंद्यांत आलेला आहे.

आपल्या अटी

काळसूने अट आधी घातली, काम नंतर सुरू केलं. आपणही तेच करायचं. पाहुणे आल्यावर अटी सांगितल्या तर भांडण होतं. फोनवर बुकिंग घेतानाच सांगितल्या तर त्यांना मान असतो. गटाने बसून ठरवाव्यात अशा काही अटी:

1. आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन केला तरच जेवण. किती ताटं ते आधी कळवायचं आणि निम्मे पैसे आगाऊ.
2. घरात दारू चालणार नाही.
3. कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ विचारून काढायचा. लहान मुलांचे चेहरे नाहीत.
4. आणलेलं प्लास्टिक परत न्यायचं. जाताना पिशवी आपणच हातात द्यायची.
5. काजव्यांच्या झाडाजवळ हेडलाइट, फ्लॅश, गाणी बंद. वाट सोडायची नाही.
6. पाऊस जोरात असेल तर ओढ्यापलीकडे नेणार नाही. पैसे जास्त देतो म्हटलं तरी नाही.

आणखी एक अट आपली आपल्यासाठी. पाहुण्यांचा हंगाम आणि शेतीचा हंगाम एकाच वेळी येतो. काजव्यांच्या वेळी पेरणीची घाई, धबधब्यांच्या वेळी आवणी. म्हणून पाळ्या लावा. एका शनिवारी दोन घरं, पुढच्या शनिवारी दुसरी दोन. ज्या आठवड्यात तुमची आवणी असेल, त्या आठवड्यात तुमच्या घरी पाहुणे नाहीत. आणि पाहुण्यांच्या दिवशी घरातल्या पुरुषांनी पाणी, सरपण, गाडी लावून घेणं ही कामं उचलायची, हेही बैठकीतच बोलून घ्या.

मोबाईलवर आपली गोष्ट

गटात एखादी कॉलेजला जाणारी मुलगी असतेच. तिला आणि गोष्ट सांगणाऱ्या मावशींना जोडीने बसवा. व्हिडिओ एक मिनिटाचा पुरे. त्यात एवढंच यावं: गावाचं नाव आणि तालुका, घोटीकडून किंवा राजूरकडून कसं यायचं, रस्ता कसा आहे, कुठल्या महिन्यात काय बघायला मिळेल, जेवायला काय असेल, किती पैसे आणि फोन कुठे करायचा. मावशी दोन वाक्यं बोलतील. बाकी वेळ चुलीवरची भाकरी, भाताचं खाचर, हातातलं बी दाखवा. मावशींना चेहरा दाखवायचा नसेल तर आवाज पुरे.

फोन नंबर कुठल्याही ताईचा स्वतःचा देऊ नका. गटासाठी वेगळं सिम घ्या आणि तो फोन संध्याकाळी आठनंतर बंद. नको ते फोन आणि मेसेज येतात, त्याचा त्रास एकटीने का सोसायचा?

रस्ता खराब असेल तर खराब सांगा. "रतनवाडीच्या रस्त्याला शनिवारी गर्दी होते, सकाळी लवकर या किंवा मधल्या वारी या," असं सांगितलं तर कुटुंबाचा विश्वास बसतो. मधल्या वारी येणारं कुटुंब आपल्यासाठी जास्त चांगलं. घाई नसते, गर्दी नसते, गोष्ट नीट ऐकतात.

कागदपत्रं आणि योजना

जेवण विकायचं असेल तर अन्न नोंदणी, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी, करून घ्या. छोट्या व्यवसायासाठी ती ऑनलाइन होते आणि तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. पाहुणे मुक्कामाला ठेवायचे असतील तर पर्यटन संचालनालयाची न्याहारी व निवास योजना आहे. शेतावर पाहुणे आणायचे असतील तर राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे. आणि 2023 मध्ये राज्याने महिलांसाठी "आई" नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलेच्या मालकीच्या आणि तिने चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळतं. या सगळ्यासाठी आपल्याला नाशिकचं विभागीय पर्यटन कार्यालय लागतं. पण लगेच कर्जाच्या मागे धावू नका. आधी एक हंगाम आहे त्या घरात, आहे त्या भांड्यांत करून बघा. पाहुणे येतात असं दिसलं की मग अर्ज करू.

आपला बराच भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे प्रवेशशुल्क आणि रात्रीच्या वेळेचे नियम वन्यजीव विभागाचे असतात. हंगामाआधी वनरक्षकांना भेटून ते लिहून घ्या आणि पाहुण्यांना आधीच सांगा.

"नको" म्हणता येतं

हे काम प्रत्येक गावाने करावंच असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात जिथे प्यायलाच पाणी पुरत नाही, तिथे पाहुण्यांच्या अंघोळीला कुठून आणणार? काही देवस्थानं, काही विधी गावाचे स्वतःचे असतात. ते दाखवायचे नसतील तर दाखवायचे नाहीत. आणि कुणी गाडीतून उतरून "जमीन विकणार का?" विचारलं तर घाईने शब्द देऊ नका. जमीन गेली की उरतं ते दुसऱ्याच्या रिसॉर्टवर भांडी घासणं. काळसूने नको म्हटलं होतं ते हेच काम.

पुढच्या बैठकीत एवढं करा

- गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या दोन बायकांना बोलवा. त्यांच्याकडून गावच्या तीन गोष्टी ऐका आणि मोबाईलवर आवाज साठवून ठेवा.
- गोष्ट चांगली सांगते अशी एक ताई आणि मोबाईल वापरणारी एक मुलगी निवडा.
- वर दिलेल्या अटी वाचा. तुमच्या गावाला लागू नसतील त्या खोडा, हव्या त्या घाला आणि ग्रामसंघाच्या ठरावात घ्या.
- एका ताटाचा आणि एका तासाच्या गोष्टीचा दर ठरवा, मजुरी धरून.
- आधी आपल्याच प्रभागातल्या दुसऱ्या गावच्या गटाला पाहुणे म्हणून बोलवा. त्यांना फिरवा, गोष्ट सांगा, जेवू घाला आणि काय चुकलं ते विचारा.

ज्या गावांचा ठराव होईल त्यांनी तो प्रभागसंघाच्या कार्यालयात द्यावा. पहिल्या सरावाच्या दिवशी मी स्वतः येईन, ताटात बसेन आणि गोष्ट ऐकेन. पैसे देऊनच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक